इक्बालभाईंचा चौथा रकाना

"इक्बालभाई गेले. दफन दुपारी." एवढाच निरोप. दुकानाचं शटर वर करत होते तेव्हा फोनवर आला. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर दिवसभर काही ना काही येतच असतं, वीज जाणार, घाटात दरड आली, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं, त्यामुळे मी एक हात शटरला आणि एक डोळा फोनला लावूनच वाचते. वाचलं आणि मनात पहिला प्रश्न आला तो, "कुठले?" महाडात माझ्या ओळखीचे इक्बालभाई तीन. एक बेकरीवाले, एक टायरवाले आणि एक आमचे, जीपवाले. बेकरीवाले वयानं सगळ्यांत मोठे, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. म्हणजे तेच असणार, असं मी ठरवूनही टाकलं... माणूस किती आपमतलबी असतो बघा, त्या बिचाऱ्या बेकरीवाल्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? ग्रुपवर लिहिलं, "कुठले इक्बालभाई?" उत्तर आलं, "जीपवाले." तरी मी हट्ट सोडेना. जीपवाला म्हणजे कुणाच्या तरी जीपवरचा ड्रायव्हरही असू शकतो. "मस्कतला होते ते?" "हो." "पांढरी जीप घेऊन माझ्या दुकानाशी थांबतात ते?" यावर समोरच्यानं लिहिणं सोडून सरळ फोनच केला. म्हणाला, "ताई, तेच हो. आपलेच."

शटर तसंच अर्ध्यावर ठेवून मी आत जाऊन स्टुलावर बसले. रडू लगेच आलं नाही, ते दुपारी आलं. आधी आला तो एक विचार, आणि तो आल्याची मला तेव्हा लाजही वाटली. आत्ता मी जे केलं, एका नावावर विश्वास न ठेवता एकेक खूण विचारत गेले, हे मला याच माणसानं शिकवलेलं होतं. तेही कॉम्प्युटरवर, हातात बशी आणि बशीत फारच गोड चहा घेऊन. ते असते तर म्हणाले असते, "क्या बात है ताई, बरोबर विचारलंत. आणखी एक खूण विचारा."

माझं पोलादपूरला औषधांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवते. गिऱ्हाईक गावातलं कमी आणि आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत तिथलं जास्त. त्या वाड्यांमध्ये आता बहुतेक घरांत एकटं म्हातारं माणूस किंवा फार तर दोघं. मुलं मुंबईत. महिना भरत आला की मुलांचे फोन सुरू होतात, "मावशी, आबांच्या गोळ्या धाडा." डॉक्टरांची चिठ्ठी फोनवर येते, मी पुडी बांधते आणि ती पुडी जीपनं वर जाते. जीप इक्बालभाईंची. पुडीचं भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "गोळी काय सीटवर बसून जाते का?"

ते तरुणपणी मस्कतला गेले आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर म्हणून राहिले. परत आले ते दोन जीपांपुरती कमाई आणि एक जुना लॅपटॉप घेऊन. नम्र वगैरे अजिबात नव्हते. "आमच्या मस्कतमध्ये" असं सुरू झालं की मी मुद्दाम बरण्या पुसायला घ्यायची. पण बढाईपेक्षाही मोठी खोड होती ती "का बरं?" विचारायची. गोळ्या रंगीत का असतात, सरबतासारखं औषध बाटली हलवूनच का घ्यायचं, डॉक्टरांचं अक्षर मला वाचता येतं ते त्यांना का येत नाही... रविवारी शिवथरला घळ बघायला जाणारे प्रवासी घेऊन जायचे, तर त्यांनाच उलट प्रश्न विचारत बसायचे. उत्तर मिळालं की चेहरा असा उजळायचा की आपणच काहीतरी शोध लावलाय असं आपल्याला वाटावं. मला त्यांचा राग फार वेळ धरता यायचा नाही, तो यामुळेच.

वाड्यांमधला सगळा हिशोब, म्हणजे कुणाला काय आणि कुठे, मी डोक्यात ठेवत होते. इक्बालभाई म्हणाले, "ताई, डोकं काय एक्सपायरी डेटशिवाय येतं का?" आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आले. एका पानावर सगळी माणसं मांडली, नाव, वडिलांचं नाव, वाडी, औषध, मुलाचा फोन. दुसरं पान महिन्याच्या पुड्यांचं. तिथे मी फक्त नाव लिहायचं, की वाडी आणि फोन आपोआप शेजारच्या रकान्यात येऊन बसायचे आणि लेबल तयार. मला ती जादूच वाटली. मी विचारलं, हे शोधतं कसं? तर आपल्या विषयात विचारलेला प्रश्न म्हणून ते इतके खूश झाले की चहा गार होऊ दिला. म्हणाले, "व्हीलुकअप म्हणतात याला. तुम्ही सांगितलेलं नाव घेऊन तो पहिल्या घरापासून निघतो आणि दारं वाजवत खाली येतो. ज्या घरात ते नाव सापडलं, तिथे थांबतो. तिथली माहिती घेऊन परत." मी म्हटलं, "आणि त्याच नावाचा दुसरा माणूस पुढच्या घरात असला तर?" ते हसले. "पुढच्या घरात तो जातच नाही ना." दोघंही हसलो आणि विसरलो. म्हणजे तो घोळ आम्हाला आधीच दिसला होता, आणि तरी झाला.

आमच्याकडच्या वाड्यांमध्ये तो व्हायलाच हवा होता. अख्ख्या वाडीचं आडनाव एक. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. एका आजोबांचे चार मुलगे असले की त्या चौघांच्या घरी त्याच नावाचा एकेक नातू. त्यामुळे हाक मारली की चार जण वळून बघतात. आंबेनळीच्या पायथ्याच्या एका गावात गणपत धोंडू नावाचे दोन म्हातारे आहेत. दोघांच्या वडिलांचं नाव धोंडू, पण धोंडू वेगवेगळे. एक गणपतबाबा वरच्या वाडीतले, त्यांना साखर. दुसरे खालच्या वाडीतले, त्यांना रक्तदाब. मी दोन पुड्या बांधल्या, ज्याच्या त्या गोळ्या बरोबर घालून. पण दोन्ही लेबलांवर कॉम्प्युटरनं "वरची वाडी" लिहिलं, कारण त्याला पहिला गणपत वरच्या वाडीत सापडला आणि तो तिथूनच परत फिरला. जीप गेली आणि दोन्ही पुड्या वरच्या गणपतबाबांच्या ओटीवर पडल्या.

पुढचं कळलं ते ड्रायव्हरकडून. वरचे गणपतबाबा पाणंदीत चक्कर येऊन पडले, गुडघा फुटला. इक्बालभाई स्वतः गाडी काढून वर गेले आणि डॉक्टरांकडे न्यायला त्यांना खाली घेऊन आले. आधी दुकानात आणून बसवलं, तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुमच्या कुठल्या गोळ्या घेतल्यात?" म्हातारा अभिमानानं म्हणाला, "पोरानं औंदा डबल धाडल्यान. मी त्याला बोललो व्हतो फोनवर, कवा कवा चक्कर येते. मंग त्यानं जादा धाडल्यान. पोरानं धाडलेलं टाकायचं कसं? घेतल्या दोन्ही." सुदैवानं फार काही बिघडलं नाही, डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. पण तेव्हा दुकानात म्हाताऱ्याचं ऐकून इक्बालभाई एकदम उठले. म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याला काहीच गेलं नाही."

आम्ही दोघं जीपनं खालच्या वाडीत गेलो. दुसरे गणपतबाबा अंगणात नाचणी पाखडत बसले होते. गोळ्या संपून बरेच दिवस झाले होते, डोळे लाल. फोन का नाही केलात, म्हणून मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तर खाली मान घालून म्हणाले, "शिमग्याला आला नाय म्हनून मी पोराला लय बोललो. मंग गोळ्या बी नाय आल्या. मला वाटलं, रागावला. आता रागावलेल्या पोराला गोळ्या धाड असं कसं सांगायचं गो?" आणि सुपातलं भुसकट उगीचच इकडून तिकडे केलं. मुंबईतल्या त्या मुलानं बिचाऱ्यानं नेहमीच्या दिवशी फोन करून गोळ्या पाठवायला सांगितल्या होत्या. ते मी सांगितल्यावर म्हातारा उठला आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी घेऊन आला.

परतीच्या वाटेवर इक्बालभाईंनी वळणावर गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, गाडीला काही झालं. ते म्हणाले, "ताई, मी समजत होतो आपण गोळ्या पाठवतो." मग स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, "त्याला कळतं पुडी आली म्हणजे मुलगा आहे. नाही आली म्हणजे मुलगा नाही. आणि हे आपल्या एका फॉर्म्युल्यावर?" त्या दिवसापासून योग्य माणसाला योग्य पुडी ही त्या माणसाच्या जिवाला लागलेली गोष्ट झाली. जीपांचा विमा भरायला विसरतील, पण हे नाही.

पहिला उपाय त्यांनी केला तो चिकटवण्याचा. नाव आणि वाडी एकमेकांना चिकटवून एक नवा रकाना केला. "गणपत धोंडू वरची" आणि "गणपत धोंडू खालची". आता दार वाजवताना विचारायचं तेच मुळी जोडनाव. हे छान चाललं. पण त्यांना तो जादाचा रकाना डोळ्यांत खुपायचा, जोड दिसू न देता जोडायचं होतं. मग कुठे कुठे व्हिडिओ बघून, भाच्याला फोन करून, त्यांनी गुणाकाराची युक्ती शिकून घेतली. मला शिकवायला आले तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही शिकावं लागलं. प्रत्येक माणसाला एकेक अट विचारायची. नाव जुळलं तर एक, नाही तर शून्य. वडिलांचं नाव जुळलं तर एक, नाही तर शून्य. वाडी जुळली तर एक, नाही तर शून्य. मग सगळ्यांचा गुणाकार. जिथे उत्तर एक येईल तोच आपला माणूस. मी विचारलं, "गुणाकारच का? बेरीज का नाही?" यावर त्यांनी काउंटरवर थापच मारली. म्हणाले, "बेरजेत दोन खुणा जुळलेला माणूसपण बरा वाटायला लागतो. गुणाकाराला दयामाया नाही. एक खूण चुकली की शून्य. मग बाकीच्या कितीही जुळू देत." एक गिऱ्हाईक म्हणालं, "माझ्या सासूसारखं हाय हे." आणि मला खोकल्याचं औषध द्यायचं भान आलं.

याच काळात त्यांनी त्यात एक आणखी गोष्ट घातली. दोन माणसं सगळ्या अटींना जुळली तर कॉम्प्युटरनं गुपचूप पहिला उचलू नये, तर लाल अक्षरांत लिहावं, "थांबा. दोन आहेत." मी म्हटलं, आता कशाला? नाव आहे, बाप आहे, वाडी आहे. ते म्हणाले, "माणूस एका जागी थोडाच राहतो?"

आणि खरंच पुढच्या पावसाळ्यात वरच्या वाडीच्या डोंगराला भेग पडली. सरकारी माणसं येऊन बघून गेली आणि वरची वाडी खाली हलवायचं ठरलं. शाळेच्या शेजारच्या सपाटीवर, खालच्या वाडीला लागूनच पत्र्याची घरं उभी राहिली. मी पानावर वरच्यांच्या नावांपुढेही "खालची वाडी" लिहिलं, आणि महिन्याच्या पुड्या करताना लाल अक्षरं उमटली. थांबा, दोन आहेत.

इक्बालभाईंना असा आनंद झाला की जणू आवडता पाहुणा दारात आला. मग आमचा खेळ सुरू झाला, कुठली खूण अशी आहे की जी बदलत नाही? मी म्हटलं, जन्मतारीख. कागद काढले, तर दोघांचीही एक जानेवारी. त्या पिढीतल्या निम्म्या माणसांची तीच आहे, कुणी तरी कधी तरी कागद भरताना लिहून टाकलेली. फोन म्हटलं, तर मुंबईतली मुलं कार्ड बदलत राहतात. घराची खूण म्हटलं, तर खालचे गणपतबाबा सगळ्या गावाला "फणसाखालचे" म्हणून माहीत, आणि तो फणस त्याच पावसात पडला होता. औषधावरून ओळखू म्हटलं, तर उद्या खालच्यालाही साखर होऊ शकते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चार दिवस ते येता-जाता एकेक नवी खूण आणत होते आणि मी ती मोडीत काढत होते. फार मजा आली, हे आज लिहिताना कबूल करायला हरकत नाही. माझ्या वयाच्या बाईशी इतक्या निर्मळ कुतूहलानं कोण बोलत बसतं?

पाचव्या दिवशी आले ते शांत. म्हणाले, "आईचं नाव घेऊ." मी म्हटलं, "हल्ली शाळेच्या दाखल्यावर असतं, पण या म्हाताऱ्यांच्या एकाही कागदावर नसेल." ते म्हणाले, "कागदावर नसेल. त्यांच्याकडे असेल." आणि लगेच नाव, बाप, वाडी यांच्या शेजारी खुणेचा चौथा रकाना घालून नमुना म्हणून स्वतःचीच ओळ भरली. ते माझ्याच दुकानातून रक्तदाबाची गोळी घ्यायचे, महाडला इतकी दुकानं असून. इक्बाल, महाड, आई: मरियम. मी विचारलं, "हे सुचलं कुठून तुम्हाला?" ते म्हणाले, "आमच्यात एक पद्धत आहे. सांगतो नंतर निवांत." तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरचा फोन आला, टायर बसला होता. ते गेले आणि ते सांगायचं राहिलं. मीही पुन्हा विचारलं नाही, रोज भेटणाऱ्या माणसाला आपण कुठे काही घाईनं विचारतो?

आईचं नाव विचारायला आम्ही दोघंही गेलो होतो. वरचे गणपतबाबा कानानं कमी, त्यांना तीनदा ओरडून विचारावं लागलं, मग तेही ओरडूनच म्हणाले, "चंद्री!" शेजारच्या पत्र्याच्या घरातून कुणी तरी "कोन आली?" म्हणून डोकावलं. खालच्या गणपतबाबांनी मात्र प्रश्न ऐकून हातातली बिडी विझवली. म्हणाले, "कशाला पायजे?" इक्बालभाई म्हणाले, "बाबा, तुमची पुडी तुमच्याचकडे यावी म्हणून." गणपतबाबांनी विझलेली बिडी खाली ठेवली. "जनी," ते म्हणाले. "जनाबाई बोलायचं कुनी नाय. जनीच. लय वर्सांनी घेतलं नाव. समदीकडं बापाचंच लिवतात, तिचं कुनी इचारलंच नाय." डोळ्यांना धोतराचा सोगा लावला आणि एकदम मान वर करून विचारलं, "आन तुज्या आयचं काय रं नाव?" आपल्याला कुणी उलट विचारील हे इक्बालभाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. "मरियम," ते म्हणाले. "मरियम," गणपतबाबांनी परत म्हणून बघितलं. "चांगलं हाय."

त्यानंतर चौथा रकाना भरायला आम्हाला सबंध उन्हाळा लागला, कारण प्रत्येक घरात आईचं नाव विचारलं की नुसतं नाव मिळत नसे. ती कुठली होती, कशानं गेली, भाकरी कशी थापायची, हे सगळं ऐकूनच उठावं लागे. मला दुकान उघडायला उशीर व्हायचा. इक्बालभाई म्हणायचे, "रकान्यात एकच शब्द मावतो ताई, बाकीचं आपण ठेवू." आता दुकानात वाडीवरची एखादी म्हातारी आली तर आपणहून सांगते, नाव अमुक, वाडी अमुक, आय सोना. मी विचारायच्या आधीच.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांची महिन्याची पुडी बांधून फळीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते फजरची नमाज पढून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच... त्यांची बायको, जुबेदाभाभी, सांगतात, चेहऱ्यावर "का बरं?" विचारताना असायचा तसाच भाव होता. त्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन बसून आले, पण गर्दीत काय बोलणार? काही आठवडे गेल्यावर, त्यांच्या नेहमीच्या पुड्यांचा दिवस येऊन गेल्यावर, मी पुन्हा गेले. चवदार तळ्याच्या पुढे रिक्षा सोडली आणि चालत त्यांच्या गल्लीत शिरले. पांढरी जीप अंगणात धुऊन उभी होती. जुबेदाभाभींनी मला आत नेऊन बसवलं, चहा दिला, इक्बालभाईंच्याच सवयीनं भरपूर साखर घालून. इकडचं तिकडचं झालं आणि मी मनात राहिलेलं ते विचारलं. भाभी, आईच्या नावाचा तो रकाना इक्बालभाईंना कुठून सुचला होता हो?

भाभींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी? आमच्यात माणसाला कबरीत ठेवलं ना, की उशाशी बसून तलकीन वाचतात, म्हणजे त्याला शेवटची शिकवण ऐकवतात. तेव्हा त्याला हाक मारतात. ती बापाच्या नावानं नाही मारत, आईच्या नावानं मारतात. अमकीच्या मुला, असं."  त्या पुढे म्हणाल्या, "माझे सासरे वारले तेव्हा हे मस्कतहून आले होते. मातीहून परत आले ते आधी मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, जुबेदा, दादीचं नाव हलीमा होतं. मला आज कळलं. जन्मभर दादी, दादी करत राहिले, नाव कुणी घेतलंच नव्हतं घरात. मग कितीतरी दिवस विचारत होते, आईचंच नाव का बरं घेत असतील? मौलानांनी कारण सांगितलं असणार, पण यांचं समाधान कुठलं व्हायला..." आणि भाभी रडत रडत हसल्या. मीही. मग दबक्या आवाजात त्याच म्हणाल्या, "यांनाही तसंच बोलावलं. मरियमच्या मुला इक्बाल, म्हणून."

रिक्षात बसून परत येताना मला ती फळीवरची पुडी आठवत होती. दुकानात आले आणि काढून बघितली. इक्बाल, महाड, आई: मरियम. ते लेबल कितीदा छापलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते वाचूनच खिशात घातलं असेल. तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल, हे मी आता कुणाला विचारायचं? पुडी मी परत फळीवर ठेवली. गोळ्या बाहेर काढून दुसऱ्याला देता आल्या असत्या, अजून मुदत होती. नाही काढल्या.

गेल्या आठवड्यात पुड्या घेऊन निघालेला त्यांचा ड्रायव्हर दुकानात येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही चला वर. खालच्या गणपतबाबांना मी मागच्या खेपेला सांगितलं शेठ गेले म्हणून, ते मानायलाच तयार नाहीत. मला बोलले, इक्बाल लय हायत, ताईला इचारतो मंग बघू." गेले. गणपतबाबा ओटीवर वाट बघतच बसले होते. पुडी हातात घेतली, लेबलावरचं आईचं नाव बोटानं चाचपलं, त्यांना वाचता येत नाही पण जागा माहीत झाली आहे. मग म्हणाले, "ह्यो पोरगा कायतरी बोलतोय. दुसरा कुनी आसंल ना गो बाय?"

मी म्हटलं, "नाही बाबा."

"जीपवाला?"

"हो."

"मस्कतला व्हता त्यो?"

"हो बाबा. तेच."

 त्यांच्या चेहऱ्यावर मला माझीच ती शटराशी उभी असलेली सकाळ दिसत होती. शेवटची एक खूण त्यांच्याकडे उरली होती आणि ती विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"आयचं नाव मरियम?"

मी मान हलवली.